उजव्या हाताचे कुंपण कोणाचे?

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील एका वाचक ताईंचे पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

‘आमचा बंगला एका जुन्या लेआउटमध्ये आहे. रस्ता उत्तरेला आहे. वडिलांनी १९८९ मध्ये प्लॉट घेतला आणि १९९१ मध्ये घर बांधले, तेव्हाच अँगलचे खांब रोवून चारही बाजूंनी काटेरी तार ओढली. पूर्वेचा प्लॉट त्या वेळी मोकळा होता. तिथले काका-काकू १९९६ मध्ये राहायला आले. पावसाचे पाणी साचते म्हणून काकांनी २००९ मध्ये आवारात मुरुमाचा भराव टाकला, त्यामुळे त्यांची बाजू आता आमच्यापेक्षा दीड-दोन फूट उंच आहे. यंदाच्या जुलैतल्या झडीत मधले खांब आमच्या बाजूला कलले आणि दोन ठिकाणी तार तुटली. काकांचे म्हणणे असे की, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताचे कुंपण त्या घराचे असते, म्हणून हे कुंपण तुम्हीच उभे करायचे. ते नको असेल तर बरोबर मध्यावर नऊ इंची विटांची भिंत घालू आणि खर्च अर्धा-अर्धा करू, असे ते म्हणतात. दिवाळीपूर्वी जुने खांब उपटायला ते मजूर आणणार आहेत. वडील आता नाहीत. आई पंच्याहत्तरीची आहे आणि काकूंशी तिचे इतक्या वर्षांचे जाणे-येणे आहे. जबाबदारी नक्की कोणाची? आणि त्यांच्या शेवग्याच्या फांद्या आमच्या अंगणावर आल्या आहेत, त्या आम्ही तोडाव्यात का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर असल्याने सर्वांत आधी एक विनंती करतो. जमिनीची सरकारी मोजणी होऊन हद्दीच्या खुणा पक्क्या होईपर्यंत ते जुने खांब कोणालाही उपटू देऊ नका, अगदी तुमच्या घरच्यांनाही नाही. मोजणीच्या कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलेली आहे : वाद सुरू होतो तेव्हा जागेवर जुने कुंपण असते, आणि वाद पेटतो तेव्हा ते कोणीतरी ‘साफसफाईसाठी’ काढून टाकलेले असते. तुमचे कललेले खांब आज निरुपयोगी वाटत असले, तरी १९९१ पासून दोन्ही घरांनी कोणती रेषा मानली हे सांगणारा तुमच्याकडचा तो सर्वांत जुना साक्षीदार आहे. म्हणून या आठवड्यातच दोन-तीन जणांच्या उपस्थितीत फोटो काढा. प्रत्येक खांबाच्या बुडाशी टेप धरून, घराच्या भिंतीपासून खांबापर्यंतचे अंतर वाचता येईल असे फोटो घ्या. आणखी एक फोटो काकांच्या परवानगीने त्यांच्या बाजूने घ्या, कारण तिकडे सर्वांत खालची तार मातीखाली गेली आहे का, हे पाहायचे आहे. त्या तारेचे महत्त्व पुढे येईल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या पत्रात आणि काकांच्या बोलण्यात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. हद्दीची रेषा कोठे आहे, हा पहिला. त्या रेषेवर किंवा तिच्या आसपास उभे असलेले कुंपण कोणाच्या मालकीचे आहे, हा दुसरा. ते उभे करण्याचा आणि राखण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात आणि ती एकसारखी असतीलच असे नाही.

उजव्या हाताच्या नियमाबद्दल सांगायचे तर, असा कायदा महाराष्ट्रात नाही. दोन खासगी प्लॉटांच्या मधले कुंपण डाव्या घराने घालावे की उजव्या, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये लिहिलेले नाही, महापालिका अधिनियमातही नाही. खांब ज्याच्या बाजूला त्याचे कुंपण, किंवा तारेची गाठ ज्याच्याकडे त्याची तार, हे आणखी दोन नियम लोक तितक्याच खात्रीने सांगतात. त्यांचा उपयोग फार तर पुराव्याचा एक धागा म्हणून होतो. तरीही काकांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका, कारण अशा समजुतीला कधी कधी कागदाचा आधार सापडतो. काही लेआउटमध्ये मूळ जमीनमालकाने किंवा प्लॉटधारकांच्या सहकारी संस्थेने प्रत्येकाने एका ठरावीक बाजूचे कुंपण घालावे असे ठरवलेले असते आणि ती अट खरेदीखतात किंवा संस्थेच्या नियमांत उतरलेली असते. तशी अट तुमच्या वडिलांनी सही केलेल्या खरेदीखतात असेल, तर तो दोन पक्षांमधला करार आहे आणि त्याला वजन आहे. तेव्हा १९८९ चे खरेदीखत बाहेर काढा, चतुःसीमेच्या परिच्छेदाखालच्या अटी शेवटपर्यंत वाचा आणि काकांनाही त्यांचे खरेदीखत दाखवण्याची विनंती करा. दोन्ही कागदांत असे काही नसेल, तर उजवा हात आणि डावा हात हा विषय तिथेच संपला.

रेषेसाठी तुम्हाला भूमि अभिलेख खात्याकडे जावे लागेल. त्यासाठी आधी तुमच्या मिळकतीचा अभिलेख कोणता आहे ते पाहा. जुन्या नाशकातल्या, म्हणजे पंचवटी किंवा भद्रकालीकडच्या वाड्यांना सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, असते. गंगापूर रोड, मखमलाबाद, म्हसरूळ अशा नंतर वाढलेल्या भागांतल्या अनेक प्लॉटांचा मात्र अजूनही सर्व्हे नंबराखाली प्लॉट क्रमांकासह वेगळा सातबारा असतो. तुमचे प्रकरण बहुधा दुसऱ्या प्रकारचे असेल. अशा वेळी नुसता सातबारा पुरत नाही, कारण त्यात क्षेत्र असते, आकार नसतो. तुम्हाला हवे आहेत ते बिनशेती आदेश, मंजूर अभिन्यासाचा (लेआउटचा) नकाशा आणि बिनशेती मोजणीनंतर तयार झालेले कमी-जास्त पत्रक, म्हणजे अभिलेखातल्या बदलांची नोंद. मंजूर अभिन्यासावर प्रत्येक प्लॉटच्या बाजूंची लांबी आकड्यांत लिहिलेली असते आणि तुमच्या दृष्टीने तोच आकडा सर्वांत मोलाचा आहे. यांपैकी जो कागद महापालिकेच्या नगररचना विभागाकडे असेल आणि सहज मिळत नसेल, त्यासाठी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. त्याच अर्जात तुमच्या आणि काकांच्या घराच्या मंजूर बांधकाम नकाशाची प्रतही मागा.

आकड्यांवर मी इतका भर का देतो, ते सांगतो. नगर भूमापनाचा नकाशा १:५०० या प्रमाणाचा असेल, तर कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ सेंटिमीटर भरते, म्हणजे जवळजवळ दहा इंच. काकांची प्रस्तावित नऊ इंची भिंत त्या रेघेच्या जाडीत मावून जाईल. गावाचे जुने नकाशे तर १:७९२० प्रमाणाचे आहेत. त्यांच्यावर अर्धा मिलिमीटर म्हणजे चार मीटर, अख्ख्या खोलीची रुंदी. म्हणून मोबाइलवर नकाशा मोठा करून ‘रेघ तुमच्या कुंपणातून जाते’ असे कोणी दाखवले, तर त्यावर विश्वास ठेवू नका आणि तुम्हीही तसे दाखवू नका. आमच्या उमेदीच्या काळात ३३ फुटांची साखळी असे, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. जुन्या टिपणांत मापे साखळी-आण्यांत लिहिलेली असत, आणि एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा अधिक. आता इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आणि रोव्हर ही मोजणीची यंत्रे आली आहेत, त्यामुळे जागेवरचे माप सेंटिमीटरपर्यंत नेमके घेता येते; पण ते ज्या जुन्या अभिलेखावर बसवायचे असते, तो काही त्यामुळे अधिक नेमका होत नाही. मोजणीदाराने खूण दिली की त्यात दोन-चार इंचांवरून हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, तो एवढ्यासाठीच.

अर्ज ‘हद्द कायम’ मोजणीचा, म्हणजे हद्द ठरवून खुणा देणाऱ्या मोजणीचा, करायचा आहे. तो ई-मोजणी प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. शुल्क क्षेत्रावर आणि नियमित की द्रुतगती मोजणी हवी यावर अवलंबून असते. अर्जात चारही बाजूंच्या लगतधारकांची, म्हणजे शेजारच्या जमीनमालकांची, नावे आणि पत्ते नीट भरा, कारण त्यांना नोटीस जाणे बंधनकारक आहे आणि नोटीस न मिळालेल्या शेजाऱ्याला पुढे हरकत घ्यायला आयते निमित्त मिळते. मोजणीच्या दिवशी हद्दीच्या खुणांसाठी दगड किंवा सिमेंटचे छोटे खांब आणि ते रोवायला मजूर तुम्ही स्वतः तयार ठेवा. रंगाची खूण एका पावसात धुऊन जाते, आणि खुंटी कोणाच्या तरी पायाने निघते. मोजणीदार जबाब आणि पंचनामा लिहील. काकांनी सही केली नाही तरी मोजणी थांबत नाही, आणि सही केली म्हणून त्यांनी हद्द कायमची कबूल केली असेही होत नाही. शेवटी तुमच्या हातात येतो तो मोजणीचा नकाशा, ज्याला सगळे ‘क प्रत’ म्हणतात. ती मिळाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नका. ती कोणाला मान्य नसेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, आणि त्यानंतर सुपर निमताना मोजणी मागता येते.

शक्य असेल तर या अर्जाबद्दल काकांना आधी सांगा आणि शुल्क अर्धे-अर्धे देण्याचे सुचवा. मोजणी दोघांची म्हणून झाली की निकालही दोघांचा होतो. ते नाही म्हणाले, तर एकट्याने अर्ज करा.

कुंपणाच्या मालकीबाबत तुमची बाजू बरीच मजबूत दिसते. कुंपण १९९१ चे आहे, तेव्हा पूर्वेला घर नव्हते, म्हणजे ते तुमच्या वडिलांनी एकट्याने आणि स्वतःच्या खर्चाने घातले. घरात जुनी हिशेबाची वही, अँगल-तारेचे बिल किंवा गवंड्याची पावती असेल तर जपून ठेवा. इतक्या जुन्या वादात घरातल्या बाईंच्या हातच्या हिशेबाच्या वहीनेही निकाल लागलेला मी पाहिला आहे. मोजणीत कुंपण संपूर्ण तुमच्या हद्दीत निघाले, तर ते निर्विवाद तुमचे : ठेवा, बदला किंवा काढा. ते नेमके रेषेवर निघाले आणि इतकी वर्षे दोन्ही घरांनी मधले कुंपण म्हणून वापरले, तर ते सामाईक असल्याचा युक्तिवाद काकांना करता येईल. सामाईक कुंपण किंवा भिंत कोणा एकाला परस्पर पाडता येत नाही, दुरुस्ती मात्र दोघांपैकी कोणीही करू शकतो. जुन्या नाशकातल्या दोन वाड्यांच्या मधल्या भिंतींचे तंटे याच मुद्द्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. तुमचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे, कारण तारेच्या कुंपणावर कोणाच्या तुळया टेकलेल्या नाहीत.

कुंपण थोडेसे काकांच्या जागेत निघण्याचीही शक्यता आहे, आणि तुमच्या वडिलांनी १९९१ मध्ये मोजणी करून खांब रोवले होते असे पत्रात कोठेच नाही. तसे निघाले, तर बारा वर्षांहून अधिक काळ झाला म्हणून ती पट्टी आपली झाली, असे कोणी तुम्हाला सांगेल. तिथे जपून राहा. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे बारा वर्षांचा विरुद्ध कब्जा हा दावा आहे खरा, पण त्यासाठी कब्जा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला आव्हान देणारा असावा लागतो. दोन शेजाऱ्यांनी चुकीच्या जागी पडलेले कुंपण गोडीगुलाबीने मानले, तेवढ्याने तो सिद्ध होत नाही. हेच उलट बाजूनेही लागू आहे, म्हणजे कुंपण तुमच्या जागेत आठ इंच आत निघाले, तर ती आठ इंचांची पट्टी आपोआप काकांची झालेली नाही. दोघांपैकी कोणीही अशा पट्टीसाठी न्यायालयात जाण्याआधी, तेवढ्या जागेचे मोल आणि वकिलाची फी शेजारी-शेजारी मांडून पाहावी.

एवढे सगळे मानूनही, कुंपण तुमचे आहे म्हणजे ते उभे करण्याची सक्ती तुमच्यावर आहे, असे होत नाही. अंगणाला कुंपण घालणे हा मालकाचा हक्क आहे. शेजाऱ्यासाठी ते घालावे असे कर्तव्य कायदा सर्वसाधारणपणे लादत नाही. गुरांपुरते पाहिले तर १८७१ च्या जनावरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यातही दोष गुरे मोकाट सोडणाऱ्याकडे जातो, शेताला कुंपण न घालणाऱ्याकडे नाही. ज्या कुंपणाने किंवा भिंतीने कोणाला इजा होण्याचा धोका आहे, तिथे मात्र महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त मालकाला किंवा भोगवटादाराला ती दुरुस्त करण्याची अथवा पाडण्याची नोटीस देऊ शकतात. तुमच्या कललेल्या तारेच्या बाबतीत ही वेळ येणार नाही, पण उद्या मध्यावर विटांची भिंत घातलीत आणि ती कलली, तर नोटीस दोन्ही घरांत येईल, हे लक्षात ठेवा.

तुमच्या पत्रातला खरा मुद्दा कुंपणाचा नाहीच, भरावाचा आहे, आणि तो तुम्ही एका वाक्यात उरकला आहे. खांब कोणत्या बाजूला कलले? तुमच्या. उंच बाजू कोणाची? काकांची. तारेचे कुंपण गुराला आणि शेळीला अडवण्यासाठी असते, दीड-दोन फूट मुरूम तोलून धरण्यासाठी नसते. त्यात आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दर वर्षी खांबाच्या बुडाला थोडा धक्का देते. वरून भिजलेल्या भरावाचा जोर आला की अँगल वाकणारच. एवढी वर्षे तो तग धरून होता, याचेच मला कौतुक वाटते.

या बाबतीत भारतीय सुखाधिकार अधिनियम (ईझमेंट कायदा), १८८२ चा आधार घेता येतो. त्याच्या कलम ७ मधील उदाहरणांत, प्रत्येक जमीनमालकाला आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क असल्याचे सांगितले आहे. पण तो हक्क जमीन नैसर्गिक अवस्थेत असेपर्यंतच आहे. वरून कृत्रिम भार टाकलेल्या जमिनीला तो मिळत नाही. याचा साध्या शब्दांतला अर्थ असा की, काकांनी आपली जमीन उंच केली, तर ती वाढीव माती धरून ठेवण्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच्या जागेत आणि स्वतःच्या खर्चाने करायला हवी. तुमच्या जमिनीने किंवा तुमच्या कुंपणाने ती धरावी, अशी अपेक्षा त्यांना ठेवता येत नाही. हेच तुमच्यावर उलटूही शकते. बागेसाठी किंवा पार्किंगसाठी तुम्ही आपल्या बाजूची माती खणून अंगण खोल केले असेल, तर काकांच्या जमिनीचा नैसर्गिक आधार तुम्ही काढलात असे होईल. म्हणून भरावाचा पुरावा हवा. सर्वांत खालची तार त्यांच्या बाजूने मातीत गाडलेली असेल आणि तुमच्या बाजूने मोकळी दिसत असेल, तर ती तारच सांगेल की माती नंतर आली. खांबाच्या बुडाचे काँक्रीट तुमच्याकडे जमिनीच्या पातळीला आहे की उघडे पडले आहे, तेही पाहा. दोन्ही घरांच्या मंजूर नकाशांतल्या छेदांत जमिनीची आणि जोत्याची पातळी दाखवलेली असते, तीही जुळवून पाहा.

पाण्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. त्याच कलमात वरच्या जमिनीवर पडणारे पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीकडे वाहू देण्याचा हक्कही सांगितला आहे. तुमच्या लेआउटचा मूळचा उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे असेल, तर उद्या अखंड भिंत घालून तुम्ही काकांकडचे पाणी तुंबवू शकत नाही. भरावामुळे उतार मुद्दाम तुमच्याकडे वळला असेल, तर गोष्ट वेगळी. पाणी कोठून कोठे जाते, हे कागदावर शोधण्यापेक्षा आईंना विचारा. पहिल्या पावसाळ्यात अंगणात पाणी कोणत्या कोपऱ्यात साचत होते, हे त्यांना नक्की आठवत असेल.

हे सगळे ध्यानात घेऊन माझा सल्ला असा आहे. मध्यावर नऊ इंची भिंत घालण्याला होकार देऊ नका. दिसायला ती समान वाटणी असली, तरी पाया भिंतीपेक्षा रुंद असतो, काळ्या मातीत तो मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो, आणि अर्धा पाया प्रत्येकाच्या जागेत गेला की पुढे घर विकताना, वाढवताना किंवा भिंत पाडताना दर वेळी दुसऱ्याची संमती लागते. शिवाय ती भिंत काकांचा भराव तोलून धरणार, आणि त्या कामाचा अर्धा खर्च तुम्ही भरणार. त्याऐवजी असे सुचवा की, मोजणीनंतर काकांनी आपल्या हद्दीच्या आत भरावाच्या उंचीइतकी दगडी किंवा काँक्रीटची धारक भिंत, म्हणजे माती तोलून धरणारी भिंत, बांधावी, तिच्या पाठीमागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघायला छिद्रे ठेवावीत, आणि त्या छिद्रांचे पाणी त्यांच्याच आवारातल्या नालीत जावे. तिच्या वर किंवा तुमच्या हद्दीत जाळीचे कुंपण लावण्याचा खर्च तुम्ही अर्धा, किंवा हवे तर पूर्ण उचला. तुमच्याकडे जुने अँगल आहेत, त्यातले सरळ करता येण्याजोगे वापरता येतील. मला हा मार्ग न्याय्य वाटतो, कारण माती ज्याची त्याने धरायची आणि आडोसा ज्याला हवा त्याने करायचा, अशी ही विभागणी आहे. काका अर्ध्या खर्चावर अडून बसले, तर जाळीचा पूर्ण खर्च देण्याची तयारी दाखवा, पण धारक भिंतीच्या एका विटेचेही पैसे देऊ नका. त्या विटेने तुम्ही भरावाची जबाबदारी मान्य केल्यासारखे होईल.

नवी पक्की भिंत घालण्यापूर्वी महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात किंवा राजीव गांधी भवनातील नगररचना विभागात परवानगीबाबत विचारून घ्या. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आवारभिंतीची उंची साधारणपणे दीड मीटरपर्यंत मर्यादित आहे. वरचा भाग जाळीसारखा उघडा ठेवला तर जास्त उंची मिळू शकते. तुमच्या जाळीच्या कल्पनेला हे सोयीचे आहे.

जे ठरेल ते लिहून घ्या. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, ‘क’ प्रतीची झेरॉक्स जोडून, एवढेच लिहावे : हद्द ‘क’ प्रतीप्रमाणे दोघांना मान्य आहे, धारक भिंत कोणाच्या जागेत आणि कोणाच्या मालकीची आहे, जाळी कोणाची आहे, दुरुस्ती कोणी करायची, आणि जुने कुंपण दोघांच्या संमतीने कोणत्या तारखेला काढले. या कागदात जागेची देवाणघेवाण घुसवू नका. एक इंच जमीनसुद्धा एकाकडून दुसऱ्याकडे जाणार असेल, तर त्याला नोंदणीकृत दस्त लागतो, साधा करार पुरत नाही. काकांनी उद्या बंगला विकला, तर खर्च वाटून घेण्याचे वचन नव्या खरेदीदाराला आपोआप बांधत नाही, हेही लक्षात असू द्या. म्हणून पुढे खर्च वाटून घेण्याच्या भाषेपेक्षा भिंत त्यांची, जाळी तुमची, अशी स्पष्ट मालकीची भाषा अधिक टिकाऊ.

काका मोजणीला आणि बोलण्याला दोन्हींना तयार झाले नाहीत आणि मजूर घेऊन आलेच, तर खांब उपटण्याला मनाई मिळवण्यासाठी दिवाणी न्यायालयात जाता येते. हद्दीच्या दाव्यात न्यायालय बहुतेक वेळा मोजणीसाठी आपला आयुक्त (कोर्ट कमिशनर) नेमते आणि हे काम भूमि अभिलेखाच्या अधिकाऱ्याकडे जाते, म्हणजे फिरून तुम्ही मोजणीपाशीच येता. म्हणून त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करून लोकअदालतीत बसणे चांगले. तिथे तडजोड झाली, तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि तिच्यावर अपील होत नाही. मोजणीत अतिक्रमण दिसले म्हणून मोजणीदार ते काढून देईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. तो खूण देतो, ताबा देत नाही.

काकूंशी आईंचे जाणे-येणे आहे, याचा उपयोग करून घ्या, पण विषय काढण्याचे काम आईंवर टाकू नका. काकांना चहाला बोलावा, उजव्या हाताबद्दल एक शब्दही न बोलता मोजणीचा अर्ज दाखवा, आणि गाडलेली तार दोघांनी मिळून पाहा. तार बघून त्यांचे त्यांनाच उमगेल, अशी माझी अटकळ आहे.

शेवग्याचे सांगायचे राहिले. तुमच्या अंगणावर आलेल्या फांद्या काकांना आधी सांगून हद्दीपर्यंत छाटायला हरकत नाही. मात्र त्यासाठी त्यांच्या आवारात शिरायचे नाही, आणि छाटलेल्या फांद्यांवरच्या शेंगा त्यांच्याकडे पोहोचवायच्या. खोड मोजणीत नेमके रेषेवर निघाले, तर झाड दोघांचे धरावे. पूर्ण झाड तोडायची वेळ आली, तर ते कोणाच्याही जागेत असो, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागेल. शेवग्याचे लाकूड मात्र ठिसूळ असते, तेव्हा छाटणी पुढच्या पावसाळ्याची वाट न बघता करून टाका.